डोरीन काकूंची परटीण

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या त्या गल्लीत गाडी वळवली आणि काच खाली केली, तर आत आली ती नुसती उकाड्याची वाफ. पूर्वी याच वाफेत साखरेच्या कारखान्याचा वास असायचा. कढईच्या बुडाला लागलेल्या पाकासारखा, थोडा गोड, थोडा करपलेला. कारखाना केव्हाच बंद पडला. हवा तेवढी राहिली, ओली आणि जड.

शेजारच्या सीटवर आई होती. मी अ‍ॅशबर्नहून तिला भेटायला आले की ती कुठे ने म्हणत नाही. यावेळी म्हणाली, "डोरीनच्या घरावरून ने एकदा."

घर होतं. विटा त्याच, लालसर. पुढचं पेकनचं, अक्रोडाच्या जातीचं, झाड मात्र गेलं होतं आणि त्या जागी हिरवळीचा एक गोल तुकडा इतर हिरवळीपेक्षा जरा जास्तच हिरवा दिसत होता. मी गाडी कडेला लावली. सिकाडा किड्यांचा किर्र आवाज सुरू झाला, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, आणि मी बारा वर्षांची झाले.

डोरीन काकू आमच्या शेजारीण. इंग्लंडच्या. त्यांचे यजमान तेलकंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ होते, ते वारले, आणि काकू त्या मोठ्या घरात एकट्या राहिल्या. सकाळी आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिटी आणि त्यांच्या खिडकीतून टाइपरायटरची टकटक, असा आमचा दिवस सुरू व्हायचा. त्या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या. राण्या, सरदार, किल्ले, विषाचे प्याले. दरवर्षी एक. पुस्तकावर नाव असायचं व्हायोला डि मार्श, सोनेरी, उठावाच्या अक्षरांत, बोट फिरवलं की लागणारं. खाली वाऱ्यावर केस सोडलेली बाई आणि मागे किल्ला. किराणा दुकानात दुधाच्या कपाटाजवळच्या फिरत्या स्टँडवर ती पुस्तकं असायची. दूध घेताना मी स्टँड एकदा गोल फिरवून घ्यायचे. आमच्या शेजारच्या बाई तिथे होत्या, या गोष्टीचा मला फार अभिमान वाटायचा.

पुस्तकाच्या मागे लिहिलेलं असायचं की लेखिकेचं बालपण उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या सरदारघराण्याच्या वास्तूत गेलं. ते वाचून मी काकूंकडे बघायचे. फिकट निळे डोळे, पुरुषासारखे मोठे हात, पायात मळके कॅनव्हासचे बूट. सरदारघराण्याचं त्यात काय असेल ते शोधायचे.

आई नागपूरची. एम.एस्सी. केमिस्ट्री. ह्यूस्टनला पाण्याची तपासणी करणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी करायची. कामावरून आली की तिच्या हातांना क्लोरिनचा वास असायचा. शनिवारी दुपारी ती आणि डोरीन काकू मागच्या अंगणात चहा घ्यायच्या. एक आठवडा काकूंचा पांचट दुधाचा, एक आठवडा आमचा आल्याचा. दोघींचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. माझ्या आठवणीत मात्र त्या दोघी मराठीतच बोलतात, आणि डोरीन काकूंचं मराठी आईइतकंच नागपुरी आहे.

अशाच एका शनिवारी काकूंनी आईला नवं हस्तलिखित वाचायला दिलं. पुढच्या शनिवारी आईनं ते परत केलं.

"कसं वाटलं?"

"छान आहे. राणी छान आहे. मेजवानी तर खूपच छान." आईनं पानांच्या कडा सारख्या केल्या. "एक विचारू? किल्ल्यात इतकी माणसं राहतात. खातात, पितात, आजारी पडतात, बाळंत होतात. यांची घाण कोण काढते?"

काकूंनी कप बशीत ठेवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"नोकर असतील," त्या म्हणाल्या.

"असतीलच. पण एवढ्या पानांत एकही भेटला नाही मला."

काकू उठून आत गेल्या. आईचा चेहरा पडला. "जास्त बोलली का गं मी?" तिनं मला विचारलं. मी खांदे उडवले. तेवढ्यात काकू परत आल्या, हातात काहीच नव्हतं, नुसत्याच आत जाऊन आल्या होत्या. खुर्चीत बसल्या आणि आपले हात टेबलावर पालथे ठेवले.

"माझी आई परटीण होती," त्या म्हणाल्या. "त्याच मोठ्या घरात. पुस्तकामागे लिहिलंय ना, बालपण त्या वास्तूत गेलं म्हणून? खरंच गेलं. तळघरात. कपडे उकळायच्या भांड्याशेजारी."

त्या दुपारी त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, यजमान सोडून. तळघरातली वाफ. भिंतींवरून ओघळणारं पाणी. सोमवारी चादरी, मंगळवारी सदरे, नीळ, खळ, लोखंडी इस्त्र्या. आईच्या बोटांची कायम सोललेली कातडी. चौदाव्या वर्षी डोरीनही तिथेच कामाला लागली. वरच्या मजल्यावरच्या बायकांनी वाचून टाकलेल्या कादंबऱ्या खाली यायच्या, चूल पेटवायला. त्या तिनं चुलीत जाऊ दिल्या नाहीत. मग टायपिंग शिकली, लंडनला गेली, कचेरीत इतरांची पत्रं टाइप करता करता डबा खायच्या सुट्टीत राणीची पहिली गोष्ट लिहिली. प्रकाशकाला गोष्ट आवडली, नाव आवडलं नाही. डोरीन क्लेग! हे तर धोबिणीचं नाव वाटतं, तो हसत म्हणाला होता.

"आणि मी पण हसले," काकू म्हणाल्या.

आईनं आपला कप बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "माझी आजी गावच्या पाटलाचं अंगण झाडायची. जन्मभर. उंबऱ्याच्या आत कधी गेली नाही."

मी आईकडे बघितलं. हे मला माहीत नव्हतं. आमच्या बेडरूमच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला, निळ्या कोटातल्या त्या चष्मेवाल्या माणसाचा फोटो होता. आमच्यासारख्या घरांत तो असतोच. कपाट उघडलं की आई क्षणभर थांबायची, मग साडी काढायची. हॉलमध्ये तो का नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. इथल्या मराठी मंडळींत आमचं गावावरून पडलेलं आडनाव कुणालाच काही सांगत नसे आणि बाबांना ते बरं वाटे. "इथे अमेरिकेत कुणाला काय करायचंय," म्हणायचे. पण करायचं असायचं. त्याच मंडळींतल्या लीला मावशींकडे गणपतीला गेलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "तुम्ही मूळचे कुठले? तुमच्यात कुळधर्म काय असतो?" आई म्हणायची, "भाजीत मीठ छान झालंय हं." आणि ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची.

काकूंनी ते राणीचं हस्तलिखित बाजूला ठेवलं आणि नवं लिहायला घेतलं. त्याच किल्ल्याची गोष्ट, पण परटिणीची. चारशे वर्षांपूर्वी चादरी कशा धुवायचे, इथपासून सुरुवात.

त्या उन्हाळ्यासारखा उन्हाळा मी पुन्हा बघितला नाही. काकूंनी पेकनच्या वाळक्या फांद्या मागच्या अंगणात जाळल्या. राख चाळली. लाकडी पिंपात गवत पसरून त्यावर राख घातली, वरून पावसाचं पाणी ओतलं आणि खालून थेंब थेंब पिवळट पाणी, जुन्या काळचा धुण्याचा क्षार, गळू लागलं. आईनं लॅबमधून लिटमसचे कागद आणले. कागद गडद निळा झाला तशी ती ओरडलीच, "डोरीन, हात नको घालू! जळशील!" पण काकूंनी घातलाच. त्यांना बघायचं होतं कसं वाटतं. लगेच व्हिनेगर, थंड पाणी, मलम. लाल झालेली बोटं डोळ्यांपुढे धरून त्या म्हणाल्या, "हे माझ्या आईचे हात."

मग मोठ्या पातेल्यात चादर उकळली. राखेचा, ओल्या सुताचा, धुराचा वास. माझ्या केसांना तो कितीतरी दिवस होता आणि शाळेत माझ्या शेजारच्या मुलीनं नाक दाबलं होतं. आम्ही तिघींनी चादर पिळली. एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला आई, मध्ये मी, पिळाखाली उभी, गार पाण्याची धार डोक्यावर घेत.

आणि वाळत घालायची कुठे, असा प्रश्न आला.

आमच्या वसाहतीत बाहेर कपडे वाळत घालायला बंदी होती. सगळ्यांकडे ड्रायर. आईला ड्रायर आवडायचा नाही. टेक्सासचं एवढं ऊन फुकट चाललंय म्हणून ती हळहळायची. काकूंनी पेकनच्या झाडापासून पोर्चच्या खांबापर्यंत दोरी बांधली. मागे नाही, पुढे. रस्त्याच्या बाजूला. आणि ती चादर पसरली. पांढरी म्हणता येईल अशी नव्हती, सायीच्या रंगाची होती, पण वारा भरला की शिडासारखी फुगायची.

संध्याकाळच्या आत वसाहतीच्या कमिटीचा माणूस आला. टोपी काढून, अगदी अदबीनं म्हणाला, "मॅम, नियम तुम्हाला माहीत आहेत. वसाहतीची शोभा जाते."

"चादरीनं?" काकूंनी विचारलं.

"मॅम, लोकांना बघायचं नसतं ते."

"तेच तर," काकू म्हणाल्या. "म्हणून तर पुढे घातलीये."

तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात आमच्या घराचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. हातात टोपली. तिनं काही विचारलं नाही. सरळ काकूंच्या दोरीपाशी गेली, एक सुती पातळ काढलं आणि झटकलं. त्याचा फटकारा रस्त्याच्या टोकापर्यंत गेला असेल. ते चादरीशेजारी घातलं. मग दुसरं. मग तिसरं. नागपुरी सुताची लाल, हिरव्या, जांभळ्या काठांची पातळं त्या गप्प, आखीव गल्लीत नुसती उडायला लागली.

"आई, पीपल आर लुकिंग!" मी ओरडले.

"पाहू दे ना," आई म्हणाली. तोंडात चिमटा होता.

त्यानंतर कमिटीकडून काय काय आलं, बाबा किती वैतागले, ते सांगत बसत नाही. त्या उन्हाळाभर दोरी निघाली नाही, एवढं खरं. उन्हात वाळलेल्या पातळाचा वास नाकाशी धरून आई डोळे मिटायची, आणि मी तिला तसं मिटलेल्या डोळ्यांनी हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

कादंबरी पुरी झाली तेव्हा मी नववीत होते. काकूंनी ती न्यूयॉर्कला प्रकाशकाकडे पाठवली आणि संपादकाचा फोन आला. मी तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात गृहपाठ करत होते. फोनची लांब गुंडाळीची वायर बोटाभोवती फिरवत काकू नुसतं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नाही." मग पुन्हा, "नाही." मग आणखी जरा वेळानं, अगदी शांतपणे, "तिची आई परटीण आहे, बाप गाडीवान आहे, आणि शेवटच्या पानापर्यंत ते तसेच राहतील." आणि फोन ठेवला.

शनिवारी चहा घेताना आईला सांगितलं. "त्यांना गोष्ट आवडलीये. फक्त शेवटी असं निघायला हवं, की ती पोरगी खरं तर सरदाराची मुलगी. लहानपणी हरवलेली. तर छापतील. नाव अर्थात व्हायोलाचं."

आई इतकी हसली की चहा सांडला. "अगं, हे तर आमच्याकडचंच! आमच्यातला कोणी मोठा झाला की लगेच कथा निघते, मागच्या जन्मी तो ब्राह्मण होता. या जन्माचं काही श्रेयच देत नाहीत बाप्पा!"

मग दोघी हसल्या. खूप वेळ. पण हसणं संपल्यावर काकू म्हणाल्या, "आता मला कोणी छापणार नाही, हे तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मी साठीला आलेय."

"मग? घाबरली?"

"हो," काकू म्हणाल्या. "पण बदलणार नाही."

किराणा दुकानातल्या स्टँडवरून व्हायोला डि मार्श हळूहळू नाहीशी झाली. तिच्या जागी दुसऱ्या कुणाचे केस उडायला लागले. परटिणीची कादंबरी दोन हिवाळे टेबलावर पडून होती. शेवटी कुठल्याशा विद्यापीठाच्या गावातल्या एका छोट्या प्रकाशनानं ती काढली. मुखपृष्ठावर बाई नाही, किल्ला नाही, नुसती राखाडी रंगाची घडी पडलेली चादर. आणि साध्या काळ्या अक्षरांत नाव, डोरीन क्लेग.

गावच्या लायब्ररीत वाचनाचा कार्यक्रम ठेवला होता. खुर्च्या बऱ्याच मांडल्या होत्या, माणसं कमी. लीला मावशी आल्या होत्या. त्या मूळच्या पुण्याच्या, इथल्या मराठी घरांना धरून ठेवणाऱ्या. कुणाचं बाळंतपण असो, कुणाची आई गेली असो, पहिला डबा त्यांचा. आणि व्हायोला डि मार्शची त्यांनी सगळी पुस्तकं वाचली होती. मोरपंखी साडी नेसून, पुढच्या रांगेत बसून, आईकडे बघून त्यांनी हात हलवला.

काकूंनी पहिलं प्रकरण वाचलं. बाळंतिणीच्या चादरी तळघरात येतात ते. वाचन संपलं. लीला मावशींनी हात वर केला.

"तुमच्या राण्या मला फार आवडतात," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरंच दुखावलेपण होतं. "दिवसभर कामं करून आम्ही वाचायला बसतो ते काहीतरी सुंदर बघायला. हे घाणेरडं कशाला? या लोकांबद्दल कोण वाचणार?"

काकू म्हणाल्या, "माझी आई या लोकांतली होती." पुढेही काही म्हणणार होत्या. पण माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकली.

आई उभी राहिली होती. बाबांनी तिचा पदर हळूच खाली ओढला, पण ती उभीच. इंग्रजीत बोलली, कारण सगळ्यांना कळायला हवं होतं. नागपुरी उच्चार लपत नव्हते.

"हे पुस्तक माझ्या प्रश्नातून सुरू झालं. प्रश्न मला पडला, कारण माझी आजी गावाची अंगणं झाडायची आणि माझे आजोबा मेलेली जनावरं ओढायचे. आम्ही बौद्ध आहोत. माझ्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली. मी रोज या गावाचं पाणी तपासते, लीलाताई, तुम्हीही तेच पिता. या लोकांबद्दल मी वाचणार. आणखी कोणी नाही वाचलं तरी चालेल."

आणि बसली. तिनं हात मांडीवर ठेवले. मी त्यातला एक घट्ट धरला. लीला मावशी समोर बघत होत्या. त्यांची पाठ, मोरपंखी ब्लाउजचा गोल गळा, अंबाड्यातला पिनांचा चमकता अर्धगोल, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आहे.

परत येताना बाबा गाडी चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "आता दिवाळीला कुणी बोलावणार नाही."

"मी करंज्या चांगल्या करते," आई म्हणाली. "घरी खाऊ."

बोलावलं नाहीच. दुकानात लीला मावशींनी आम्हाला बघून सामानाची ढकलगाडी दुसऱ्या ओळीत वळवली. आईनं ते पाहिलं, पिठाची पिशवी उचलली आणि मान ताठ ठेवून चालू लागली. पण रात्री पोळ्या लाटताना ती रडली. लपवलं नाही.

ती गोष्ट मात्र मराठी घराघरांत पोचली, फोनवरून, कुजबुजत. आणि एका रविवारी एक अनोळखी आवाज आमच्या फोनवर म्हणाला, "ताई, मी इथे युनिव्हर्सिटीत शिकतो. नांदेडचा. कुणीतरी तुमच्याबद्दल जरा वाईटच बोलत होतं, म्हणून कळलं तुम्ही आपल्यातल्या. येऊ का भेटायला?"

तो आला. पुढच्या वेळी आणखी तिघांना घेऊन आला. वैशाखी पौर्णिमेला आमचं घर माणसांनी भरलं. खिरीचा, मेणबत्त्यांचा, घामाचा वास, एकाच बाथरूमपुढे रांग. बाबा सकाळीच हातोडी घेऊन हॉलच्या भिंतीपाशी उभे होते. "इथे चालेल?" त्यांनी आईला विचारलं, आणि निळ्या कोटातला फोटो स्वतः ठोकला. डोरीन काकू पांढरा ड्रेस घालून आल्या, त्रिशरण म्हणताना ओठ हलवत राहिल्या आणि खीर दोनदा घेतली.

त्यानंतर काकूंनी आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. एक खाणीतल्या पोरांची. दुसरी इथलीच, आमच्या पायाखालच्या जमिनीची, जिथे कधीकाळी ऊस होता आणि तो कैद्यांकडून तोडून घ्यायचे. गावातल्या पाट्यांवर उसाचं नाव होतं, तोडणाऱ्यांचं नव्हतं. दोन्ही पुस्तकं थोडी छापली, थोडी खपली. काकू मात्र पूर्वीपेक्षा जोरात टाइप करायच्या. दुखणं आल्यावर झोपूनच सांगायच्या आणि मी टाइप करायचे, कॉलेजच्या सुट्टीत. "तिला सुंदर करू नकोस," मध्येच दटावायच्या. "मी सांगितलं नाही तिचे डोळे कसे आहेत ते. कशाला घातलंस?"

त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. व्हायोला डि मार्श, लोकप्रिय कादंबऱ्यांच्या लेखिका, बालपण सरदारघराण्याच्या वास्तूत. आईनं ते वाचलं आणि लॅबला न जाता वर्तमानपत्राच्या कचेरीला फोन लावला. ज्या माणसानं घेतला, त्यानं थांबायला सांगितलं. ती थांबली. दुसऱ्याकडे दिला. त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. "नाही, हे टोपणनाव. खरं नाव लिहून घ्या. क्लेग. शेवटी दोन जी. एक नाही, दोन. आणि लिहा, आई परटीण होती. हो, तेच लिहा. ती असती तर तिनंच सांगितलं असतं." दुसऱ्या दिवशी छापून आलं. एक जी कमी होता. आईनं पुन्हा फोन लावला.

"काय शोधताय?" कुणीतरी इंग्रजीत विचारलं, आणि मी दचकून वर बघितलं.

डोरीन काकूंच्या त्या घरातून एक तिशीचा तरुण बाहेर आला होता. आम्हा दोघींचं आपसातलं मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला आणि तोही मराठीत बोलू लागला. दोनच महिन्यांपूर्वी अर्विंगहून इथे शिफ्ट झालोय म्हणाला, बायकोला इथल्या हॉस्पिटलात जॉब लागला म्हणून. आई तोवर दार उघडून, काठी टेकत उतरली होती आणि त्याच्या लॉनवर जाऊन उभी राहिली होती.

"इथे एक लेखिका राहायची," ती म्हणाली.

"काय सांगता काकू! आमच्या घरात? फेमस होत्या का?"

"होती ना. राण्यांवर लिहायची तोवर फार फेमस होती."

"आणि मग?"

"मग," आई म्हणाली, "ती लिहायला लागली."